मदत हवी आहे: डच 'फोर्तफारंत' म्हणजे कौतुक की टोमणा?

नमस्कार मंडळी,

मी आइंडहोवनला नोकरी करते. डच बी२ पातळीची, म्हणजे स्टाट्सएक्सामेन एनटी२ (परभाषिकांसाठीची डचची सरकारी परीक्षा) हिच्या दुसऱ्या प्रोग्रामची तयारी चालू आहे. रोजच्या बोलण्यात अडत नाही, पण एका विशेषणाने डोकं खाल्लंय. वार्षिक मूल्यमापनात मॅनेजरने लिहिलंय: 'ये खात फोर्तफारंत ते वेर्क, सोम्स इत्स ते फोर्तफारंत.' (हे 'खात' म्हणजे 'जातेस', खादाडीबद्दल काही नाही!)

शब्दकोशात 'जोमाने, न रेंगाळता काम पुढे नेणारा' अशा धाटणीचा अर्थ मिळाला. मग वाक्याच्या उत्तरार्धाचं ('सोम्स' म्हणजे कधी कधी) काय? मी उतावळी आहे, असं सुचवायचंय का? 'दोर्तास्तंत' हाही याच अर्थाने वाचनात येतो. एकाच्या जागी दुसरा चालेल? आणि विशेषणाच्या शेवटी 'ए' कधी लावायचा, यात माझा नेहमी गोंधळ होतो. पुढच्या आठवड्यात मॅनेजरसोबत बैठक आहे.

प्रतिसाद १

ताई, शब्द शंभर टक्के कौतुकाचा. 'तिला कामाचा उरक आहे' म्हणतो ना, त्यात थोडी धडाडी मिसळा. उतावळ्यासाठी 'ओव्हरएइल्त' असा वेगळा शब्द आहे, तो त्यांनी वापरलेला नाही.

खोच आहे ती 'ते'मध्ये. तुमच्या वाक्यात दोन 'ते' आहेत. 'ते वेर्क खान' हा ठरलेला वाक्प्रचार, म्हणजे कामाला लागणं, काम करण्याची पद्धत. दुसरा 'ते' मात्र 'प्रमाणाबाहेर'वाला. त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ दिलीय का बघा. डचमध्ये जोर द्यायचा असला की लिहिताना अशी रेघ देतात. रेघ असेल तर मुद्दाम सांगितलंय. नसेल तर 'इत्स', म्हणजे 'किंचित', लावून सौम्य केलंय. बैठकीत सरळ उदाहरण मागा. इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

प्रतिसाद २

'दोर्तास्तंत'मध्ये वेगापेक्षा ठामपणा जास्त. पोलिसांनी कचरल्याशिवाय कारवाई केली, तर ती दोर्तास्तंत. पालिकेने रखडलेलं घरबांधणीचं काम झपाट्याने पुढे नेलं, तर फोर्तफारंत. काही वाक्यांत दोन्ही बसतात, पण डोळे झाकून अदलाबदल नको.

'ए'चं म्हणाल तर नेहमीचाच नियम. डच नामांची निश्चित उपपदं दोन, 'दे' आणि 'हेत'; 'एन' म्हणजे 'एक'. 'दे'वाल्या नामाआधी 'ए' लागतो: 'एन फोर्तफारंदे आनपाक' (कामाची पद्धत). 'हेत'वालं नाम 'एन'सोबत आलं की गळतो: 'एन फोर्तफारंत बेखिन' (सुरुवात). पण 'हेत' स्वतः हजर असेल तर पुन्हा 'ए': 'हेत फोर्तफारंदे बेखिन'. क्रियाविशेषण म्हणून आला, जसा तुमच्या वाक्यात, तर कधीच नाही. लिहिताना शेवटचं अक्षर 'द'च, उच्चारात त्याचा 'त' होतो. 'ए' लागला की 'द' परत ऐकू येतो. आघात 'फा'वर.

लक्षात ठेवायला: 'फारन' म्हणजे आज जहाजाने जाणं, पण जुन्या डचमध्ये नुसतं 'जाणं'सुद्धा. ईस्टरपासूनच्या चाळिसाव्या दिवशी, गुरुवारी, सुट्टी मिळते त्या 'हेमेलफार्त'मध्ये, म्हणजे येशूच्या स्वर्गारोहणात, तोच जुना अर्थ आहे. 'फोर्त' म्हणजे पुढे.

धागाकर्ती

दोघांचे आभार. आत्ताच बघितलं, रेघ आहे! अजून एक: घरी नवऱ्याला 'आज फोर्तफारंत भांडी घास' म्हटलं तर चालेल?

प्रतिसाद २

व्याकरणाने चालेल. पण हा शब्द मुख्यतः बातम्या, अहवाल आणि मीटिंगांतला. घरी 'स्नेल' (लवकर) पुरे.