होस्ट म्हणजे निवेदक, सूत्रसंचालक की आणखी काही?

पार्कचौक
एका लेखाचा अनुवाद करतेय. पुरस्कार सोहळ्याचा होस्ट कशामुळे जमून येतो आणि कशामुळे फसतो, असा विषय. लेखात तीन निरनिराळी माणसं आहेत. एक, अख्खा सोहळा अंगावर घेणारा होस्ट. दुसरा, एकच पाकीट फोडून नाव वाचून जाणारा प्रेझेंटर. तिसरा पडद्यामागून "आता येत आहेत" म्हणणारा आवाज. तिघांनाही 'निवेदक' लिहिलं की अर्थाचा घोळ होतो. 2022 च्या ऑस्करमध्ये थप्पड बसली प्रेझेंटर ख्रिस रॉकला, पण होस्ट तो नव्हता. होस्ट तिघी बायका होत्या. 2017 ला चुकीचं पाकीट गेलं प्रेझेंटर वॉरन बेटीच्या हातात, होस्ट होता जिमी किमेल. सरसकट 'निवेदक' लिहिलं तर दोष भलत्याच्या माथी जातो. होस्टला 'यजमान' म्हणावं असं एकानं सुचवलंय. चालेल का?

चाटीगल्ली
यजमान अजिबात नको ताई. ज्याच्या घरचं कार्य तो यजमान. क्रिकेटमध्ये 'यजमान संघ' बरोबर, मैदान त्यांचं असतं. सोहळ्याची यजमान पुरस्कार देणारी संस्था, माइकवरचा माणूस मानधन घेऊन आलेला. शिवाय 'आमचे यजमान' म्हणजे नवरा. होस्टला सूत्रसंचालक लिहा आणि पुढं चला.

शेंगाचटणी
सूत्रसंचालक म्हणता, पण आपल्याकडे तो संचालन करतो का? हातात कागद, "यानंतर मी विनंती करते", झालं. सूत्रं विंगेत उभ्या असलेल्या आयोजकाच्या हातात असतात. त्यापेक्षा जुना 'सूत्रधार' घ्या. कठपुतळीच्या दोऱ्या धरणारा, अर्थ चोख बसतो.

रंधा
कठपुतळीचं मला पटत नाही. सूत्र म्हणजे मापाची दोरीही. लाकडावर, भिंतीवर दोरी धरून रेघ आखणारा तो सूत्रधार, आणि आपला 'सुतार' त्याच शब्दातून आलाय. रंगभूमी आखून घेणारा तो नाटकातला सूत्रधार, असं मी मानतो. होस्टला हे जास्त लागू पडतं, त्याचं मुख्य काम वेळ मापून देणं.

चाटीगल्ली
व्युत्पत्ती छान आहे मालक, पण रोजचा पेपर उघडा. 'दरोड्याचा मुख्य सूत्रधार अटकेत.' लेखात "ऑस्करचा सूत्रधार" छापलं तर वाचणारा आधी पोलीस ठाण्यात जाऊन येईल.

विंगेतून
शब्द कोणताही घ्या, आधी काम काय ते नीट मांडू. एका पुरस्काराला विभाग आणि कामगिरीची ओळख 25 सेकंद, विजेता खुर्चीतून मंचावर पोचायला 35, शाल-चिन्ह-फोटो 20, मनोगत 45, खाली उतरणं 15. म्हणजे 2 मिनिटं 20 सेकंद. 24 पुरस्कारांना 56 मिनिटं, तीही विजेते पुढच्या तीन रांगांत, कडेच्या खुर्च्यांवर बसवले तर. आता सूत्रसंचालकानं प्रत्येक नावाआधी 20 सेकंदांची चारोळी म्हटली की 8 मिनिटं गेली. ही 8 मिनिटं कापली जातात जीवनगौरवाच्या मनोगतातून, कारण ते शेवटी असतं. ज्या ज्येष्ठासाठी लोक आले त्यालाच "थोडक्यात" म्हणून चिठ्ठी जाते. वाईट सूत्रसंचालनाची यापेक्षा मोठी खूण मला माहीत नाही.

कार्डं जाड हवीत. एका कार्डावर एकच पुरस्कार, वर मोठा क्रमांक, कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवलेला. साधे कागद माइकसमोर सळसळतात आणि खाली पडले की क्रम जातो. विंगेतल्या टेबलावर सन्मानचिन्हं त्याच क्रमानं. तबक घेतलेली मुलगी विंगेच्या तोंडाशी दिसल्याशिवाय नाव पुकारू नये. नाहीतर विजेता वर येऊन हात बांधून उभा, आणि टाळ्या विरून जातात. कॉर्डलेसचे सेल त्याच दिवशी नवे घालावेत, पोडियमचा माइक जोडीला चालू ठेवावा. विजेत्यानं कुठं उभं राहायचं ती जागा चिकटपट्टीनं आखावी, मॉनिटरच्या, म्हणजे मंचावरच्या स्पीकरच्या, पुढ्यात माइक गेला की शिट्टी मारतो.

आपल्या सोलापुरात सगळ्यात जास्त घोळ नावांचा. यादी इंग्रजीत टाइप होऊन येते. मग म्याकलचं 'मॅकल' होतं, हिरेमठचं 'हिरेमथ'. आदल्या दिवशी प्रत्येकाच्या घरी फोन करून नाव देवनागरीत लिहून घ्यावं, तोंडानं दोनदा म्हणून बघावं. आयुष्यभर काम करून एकदा नाव पुकारलं जातं, ते तरी धड पुकारलं जावं.

शेंगाचटणी
नावांचं शंभर टक्के खरं. पण यातलं निम्मं काम रंगमंच व्यवस्थेचं आहे की, होस्टचं कुठं?

विंगेतून
व्यवस्था चुकली की लोकांसमोर तोच उभा असतो. 2017 चंच बघा. पाकिटांचे दोन सारखे संच मंचाच्या दोन बाजूंना, दोन हिशेबनीसांकडे होते. उत्कृष्ट अभिनेत्रीचं नाव एका बाजूच्या पाकिटातून वाचलं गेलं, दुसऱ्या बाजूचं तसंच उरलं आणि शेवटी उत्कृष्ट चित्रपटाच्या पाकिटाऐवजी तेच बेटीच्या हातात दिलं गेलं. पाकिटावर विभागाचं नाव लाल रंगावर सोनेरी, बारीक अक्षरात. बेटी अडखळला, सोबतच्या फे डनवेनं त्यात दिसलं ते चित्रपटाचं नाव वाचलं. दुरुस्ती आली तोवर आभाराची भाषणं सुरू झाली होती. पुढच्या वर्षी पाकिटावर अक्षरं मोठी केली आणि नियंत्रण कक्षात तिसरा हिशेबनीस बसवला. अडखळलेल्या पाहुण्याला थांबवण्याचा अधिकार होस्टला आधीच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

अशोकचौक
होस्टशिवायही सोहळे झालेत. ऑस्कर 1989 ला तसाच झाला, मग 2019, 2020 आणि 2021. पाहुणे आणि पडद्यामागचा आवाज यांवर भागलं. त्या वर्षी जे काम उरलंच नाही तेवढंच होस्टचं, असं धरून शब्द शोधावा. आणखी एक. कन्नडमध्ये अशा माणसाला 'निरूपक' म्हणतात, तेलुगूत 'व्याख्याता'. आपल्याकडे व्याख्याता कॉलेजात शिकवतो आणि निरूपण कीर्तनात चालतं. तरी 'निरूपक' मला आवडतो, सोलापूरच्या कानाला परका नाही.

रंधा
निरूपक म्हटलं की अभंग लावून धरणारे बुवाच दिसतात. निवेदकाला काय झालंय? आकाशवाणीनं रुळवलेला शुद्ध शब्द आहे.

चाटीगल्ली
म्हणूनच तो नुसत्या आवाजाला ठेवा. रेडिओचा निवेदक दिसत नाही, सोहळ्यातला पडद्यामागचाही दिसत नाही. नाहीतरी सोलापुरात निवेदन म्हटलं की जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचा कागदच डोळ्यांपुढं येतो.

पार्कचौक
म्हणजे आवाजाला निवेदक, होस्टला सूत्रसंचालक इथपर्यंत आले. प्रेझेंटरचं काय? 'प्रमुख पाहुणे' लिहू? एका रात्रीत वीस-पंचवीस प्रमुख पाहुणे होतील.

शेंगाचटणी
'प्रदाता' लिहा, किंवा सरळ 'यांच्या शुभहस्ते'.

रंधा
'शुभहस्ते'तला शुभ काढा हो. 'हस्ते' पुरेसं आहे. तसंच 'सन्माननीय व्यासपीठ'. व्यासपीठ ही बसायची जागा, तिला कसला सन्मान? 'व्यासपीठावरील मान्यवर' म्हणा.

शेंगाचटणी
लाकडी फळ्यांना कोण हात जोडतंय? "सभागृहानं टाळ्या वाजवल्या" म्हणतो तेव्हा भिंतींनी वाजवल्या का? जागेच्या नावानं माणसं सांगायची रीत मराठीत आहेच.

रंधा
सभागृहाची गोष्ट वेगळी. तिथं सगळी माणसं एकत्र धरायची असतात. व्यासपीठावर पाचच जण असतात, त्यांची नावं घेता येतात, घ्यावीत.

विंगेतून
पाच नावं, प्रत्येकाची दोन पदं, 40 सेकंद. आणि हेच दर वक्ता पुन्हा म्हणतो. सूत्रसंचालकानं सुरुवातीला एकदाच सगळी नावं घ्यावीत आणि वक्त्यांना आधीच सांगावं की नामोल्लेख झालेला आहे, थेट विषयावर या. 'सन्माननीय व्यासपीठ'ला 2 सेकंद लागतात, तेवढ्यासाठी मी ते चालवून घेईन.

रंधा
वेळ वाचतो म्हणून चुकीचा शब्द चालवायचा, हे मला मान्य नाही.