कॉलनीचा रस्ता आणि ओपन स्पेसवरचा हॉल: कमिटीकडे नेमके कोणते कागद मागायचे?

गिरणाकाठ
राम राम मंडळी. जळगावातली 64 प्लॉटची कॉलनी आहे, सहकार कायद्याखाली नोंदलेली गृहनिर्माण संस्था. कमिटीने दोन कामं काढली आहेत. आतल्या 200 मीटर लांब, 6 मीटर रुंद रस्त्याचं काँक्रिटीकरण आणि ओपन स्पेसवर एक हॉल. प्लॉटमागे 35 हजार वर्गणी. वार्षिक सभेच्या अजेंड्यावर यातलं काहीच नव्हतं. आयत्या वेळच्या विषयांत "कॉलनीच्या विकासकामांस सर्वानुमते मंजुरी" एवढ्या एका ओळीत ठराव झाला. एस्टिमेट विचारलं की "ठेकेदार ओळखीचा आहे, काळजी नको" असं उत्तर मिळतं. काही जण वर्गणीच थांबवू म्हणतात. माहितीचा अधिकार चालतो का इथे? दारं रोज समोरासमोर उघडतात, त्यामुळे भांडण नको, कागद हवेत.

प्रोसिडिंगबुक
वर्गणी थांबवू नका भाऊ, हे आधी. मागणी आल्यावर तीन महिने पैसे दिले नाहीत की तुम्हाला थकबाकीदार ठरवायला कमिटी मोकळी. व्याज लागतं, वसुलीचा दाखला निघू शकतो, आणि पुढच्या निवडणुकीत उभं राहायची वेळ आली की पहिला आक्षेप हाच. पैसे बँकेतून भरा आणि सोबत दोन ओळींचं पत्र द्या: "ठरावाच्या वैधतेबाबतचा हक्क राखून रक्कम भरत आहे." पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सेक्रेटरी सही देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आता तो ठराव. आदर्श उपविधीत (संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांत) आयत्या वेळचे विषय अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतात, पण ज्याला रीतसर नोटीस लागते असा विषय तिथे घेता येत नाही. 22 लाख 40 हजारांचं काम आयत्या वेळचं कसं असेल? वार्षिक सभेची नोटीस 14 पूर्ण दिवसांची लागते, यात नोटीस काढल्याचा आणि सभेचा दिवस धरत नाहीत. विशेष सभेला 5 पूर्ण दिवस, आणि तिथे नोटिशीत लिहिलेल्या विषयाबाहेर काही घेताच येत नाही. म्हणूनच हा विषय विशेष सभेत न्या. एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर एक महिन्यात सभा बोलवावी लागते. तुमच्याकडे 64 म्हणजे 13 सह्या. 15-16 घ्या, कारण शेवटी दोघं तरी "माझी सही नव्हती" म्हणतातच.

कागद मागताना "सर्व कागदपत्रे द्या" असं लिहिणं हीच नेहमीची चूक. त्याला "कार्यालयात येऊन बघा" एवढंच उत्तर येतं. नावानिशी मागा: त्या सभेची नोटीस आणि अजेंडा, हजेरीपत्रक, इतिवृत्ताची प्रत, कमिटीच्या ज्या बैठकीत काम ठरलं तिचं इतिवृत्त, आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल. पाहणी फुकट असते, प्रतींना ठरलेली फी पडते. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवायचा असतो आणि त्यावर 15 दिवसांत लेखी हरकत घेता येते. ही मुदत बहुतेकांना माहीत नसते, म्हणून "सर्वानुमते" तसंच कायम होतं.

माहितीचा अधिकार संस्थेला थेट लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या थलप्पलम बँकेच्या निकालानंतर हे स्पष्ट आहे. पण सहकारी संस्थांच्या निबंधकाला कायद्याने संस्थेकडून जी माहिती घेता येते, ती त्यांच्या कार्यालयात अर्ज करून मिळवता येते. अर्जाला 10 रुपये, मुदत 30 दिवस.

मोजपुस्तक
वरचं सगळं बरोबर, पण ठराव अगदी कायदेशीर झाला तरी रस्ता पातळ होऊ शकतो. एस्टिमेट मागताना आकडा नका मागू, बाबींची यादी मागा.

तुमचं माप घ्या. 200 × 6 × 0.15 मीटर म्हणजे 180 घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्षात जाडी 120 मिमी भरली तर 144 घनमीटर. 36 घनमीटर, म्हणजे पाचवा हिस्सा गायब, आणि वरून बघून कोणाला कळत नाही. म्हणून साच्याच्या पट्ट्या लावल्यावर, काँक्रीट पडायच्या आधी, दर 20 मीटरला तीन ठिकाणी दोरी ताणून खोली मोजायची आणि कागदावर दोघांच्या सह्या. नंतर कोअर (यंत्राने कापलेला काँक्रीटचा नमुना) काढता येतो, पण तोवर बिल निघालेलं असतं.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ती काढून मुरूम भरून रोलरने दाबणं, त्यावर 100 मिमी एम-10, त्यावर 150 मिमी एम-30 (एम म्हणजे काँक्रीटच्या ताकदीची प्रत) असा थर हवा. यातला खोदाईचा भाग कोटेशनमध्ये आहे का बघा. सगळ्यात स्वस्त कोटेशन बहुतेक वेळा ती बाब गाळूनच स्वस्त झालेलं असतं. जुन्या डांबरावर थेट दोन्ही थर टाकले तर रस्ता 250 मिमी, म्हणजे जवळजवळ 10 इंच चढतो. मग जुन्या घरांचे ओटे खाली जातात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी अंगणात. त्यामुळे रस्त्याची तयार पातळी कुठल्यातरी पक्क्या खुणेपासून मोजून ठरावातच लिहा. मधून दोन्ही कडांना 2 टक्के उतार, म्हणजे 3 मीटरला 60 मिमी.

नळाच्या आणि केबलच्या आडव्या लाइनींसाठी पीव्हीसी पाइप आधीच गाडून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांत ब्रेकर लागतो. दर साधारण 4.5 मीटरला कापसांधा (मुद्दाम कापलेली आडवी खाच, म्हणजे वेड्यावाकड्या भेगा पडत नाहीत) हवा. रोजच्या काँक्रीटचे ताकद तपासायला 6 ठोकळे भरायचे, 3 सात दिवसांनी आणि 3 अठ्ठावीस दिवसांनी तपासायचे. मे महिन्यात काम काढत असतील तर विरोध करा. 44-45 अंशांत वरचा थर तासाभरात सुकतो आणि नेमकं तेव्हाच आळी करून काँक्रीट 14 दिवस ओलं ठेवायला पाणी नसतं. टँकर कोणाच्या खर्चाने, हेही आधी लिहून घ्या.

आणि बिलातले 5 टक्के एक पावसाळा तरी रोखून ठेवायचे.

वांग्याचं भरीत
हॉलचं कोणी बोललं नाही. आधी मंजूर लेआउटची साक्षांकित प्रत महापालिकेच्या नगररचना विभागातून काढा, आणि ओपन स्पेस व रस्त्यांचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. जागा संस्थेच्या नावावर आहे, मूळ मालकाच्या की महापालिकेच्या, यावर सगळं अवलंबून. महापालिकेच्या नावावर असेल तर तिच्या लेखी परवानगीशिवाय एक वीटही लावता येत नाही. रस्ताही त्यांच्याच नावावर निघाला तर तुमची वर्गणी कशाला? त्याच रस्त्याला पुढे सरकारी निधी पडला तर काम एक आणि बिलं दोन.

संस्थेच्या नावावर असेल तरी मर्यादा आहेच. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ओपन स्पेसवर एकूण बांधकाम 15 टक्क्यांपर्यंत, त्यातही तळमजल्यावर 10 टक्केच. म्हणजे 1000 चौरस मीटरवर खाली 100. कमिटीचा नकाशा यात बसतो का ते मोजा.

गिरणाकाठ
ठेकेदार एका कमिटी सदस्याचा जवळचा नातेवाईक आहे असं ऐकतोय. आणि वर्गणी प्लॉटमागे सारखी की क्षेत्रफळावर, यावर कोपऱ्यावरचे प्लॉटवाले वेगळंच बोलतात.

प्रोसिडिंगबुक
ऐकीव गोष्टीवर आरोप करू नका, अब्रूनुकसानीचं झेंगट मागे लागेल. उपविधीनुसार कमिटी सदस्याला संस्थेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध ठेवता येत नाही. म्हणून विशेष सभेत प्रत्येक सदस्याकडून "कोटेशन देणाऱ्यांपैकी कोणाशी माझा संबंध नाही" असं लेखी घ्या, चेअरमनपासून सुरुवात. सही न करणारा त्या विषयावर बसणार नाही.

वर्गणीचं सूत्र पैसे गोळा करण्याआधी सभेने ठरवायचं. माझं मत विचाराल तर रस्ता सगळेच वापरतात, सारखी ठेवा. हॉलची वर्गणी मात्र वेगळी आणि वेगळ्या ठरावाने. दोन कामं एका ठरावात बांधली की रस्ता हवा असलेल्याला हॉललाही हात वर करावा लागतो.

ठराव साधारण असा मांडा: "अंतर्गत रस्ता, लांबी 200 मी., रुंदी 6 मी., जाडी 150 मिमी, एम-30, सोबतच्या बाबींच्या यादीप्रमाणे. खर्चाची कमाल मर्यादा रु. ____; किमान 3 बंद पाकिटातील कोटेशन, सभासदांसमोर उघडणे; बिल मोजमाप व ठोकळे तपासणी अहवाल जोडल्यावरच, जीएसटी बिलावर, बँकेतून; मर्यादेपेक्षा जास्त खर्च झाल्यास पुन्हा सभा." खाली सूचक, अनुमोदक, बाजूने किती, विरोधात किती. विरोध करणाऱ्यांची नावं त्याच दिवशी इतिवृत्तात घालायला लावा.

एवढं करूनही कमिटीने विशेष सभा बोलावली नाही, तर सहायक किंवा उपनिबंधकांकडे अर्ज, सोबत पोच घेतलेल्या प्रती. एक पंचमांश सभासदांच्या अर्जावर सहकार कायद्याच्या कलम 83 खाली चौकशीही लावता येते. पण ती लांबते, म्हणून तिच्या भरवशावर काम सुरू होऊ देऊ नका.