‘वन्स मोअर’ मराठी की इंग्रजी?

दसराचौकी: परवा पेठेत नाट्यगीतांचा कार्यक्रम झाला. पोरगं झकास गायलं. मी मागनं ‘वन्स मोअर’ दिला, तर शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणते, “काका, त्याला एन्कोर म्हणतात.” म्हटलं, म्हणत असतील साहेबाच्या देशात. वन्स मोअर पडतो, मिळतो, घेतात. सगळी क्रियापदं आपली. शब्द मराठीच झाला की!

मुद्दल: टेबलही झालं मराठी, पण त्याला रोजच्या बोलण्यात दुसरा शब्द नव्हता. इथं ‘पुन्हा एकदा’ म्हणायला जीभ अडते काय?

दसराचौकी: ओरडून बघा. शाळेत पाढे म्हणायला लावल्यासारखं वाटतं.

पेटीवाला: गंमत सांगतो. एन्कोर मूळचा फ्रेंच, अर्थ ‘पुन्हा’. इंग्रजांनी तो अठराव्या शतकात उचलला. आणि फ्रेंच प्रेक्षक मात्र ओरडतो ‘बिस’! तो लॅटिन, म्हणजे ‘दोनदा’. मुशायऱ्यातला ‘मुकर्रर’, म्हणजे ‘पुन्हा म्हणा’, तो अरबी. दाद द्यायला सगळेच शेजारच्या घरनं शब्द आणतात. शिवाय एन्कोर आणि वन्स मोअर एक नव्हेत. हल्लीचा एन्कोर म्हणजे कार्यक्रम संपला, कलाकार आत गेला, की टाळ्या वाजवून परत बोलवायचं; मग तो बहुतेकदा दुसरंच काहीतरी गाणार. वन्स मोअर म्हणजे तेच पद, तिथंच, पेटीचा भाता मिटायच्या आत.

मुद्दल: तेच तर दुखणं. नायिका रडत विंगेत गेली की वन्स मोअर! बिचारी डोळे पुसून परत येणार आणि पहिल्यापासनं रडणार. नाटकाचं काय?

दसराचौकी: ‘संगीत सौभद्र’ नाटकातली सुभद्रा शेवटी कुणाच्या गळ्यात माळ घालणार हे काय लोकांना ठाऊक नव्हतं? गोष्टीसाठी कोण जात होतं राव! बालगंधर्व तेच पद दुसऱ्यांदा घेताना नवी जागा काढायचे, त्यासाठी मागायचे लोक. आमचे आजोबा कोल्हापूरच्या पॅलेस थिएटरला, म्हणजे शाहू महाराजांच्या १९१५ च्या थिएटरला, आताच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला, जायचे. इंग्रजी एवढंच यायचं त्यांना, तेही एका दमात: ‘वन्समोर’. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं तेव्हा मला आधी तीच हाक आठवली.

तालमीतला: शेजारी खासबागेच्या कुस्ती मैदानात या. तिथं फेटे उडतात, शिट्ट्या पडतात, पण वन्स मोअर नाही. चीतपट झालेल्याला परत झोपव म्हणणार काय?

मुद्दल: बरोबर. आणि तमाशाच्या फडात दौलतजादा केल्याशिवाय, म्हणजे पैसे दिल्याशिवाय, ओळ परत येत नाही. तुमचा वन्स मोअर फुकटचा! हल्ली तर तंबोरा जुळवला तरी ओरडतात.

पेटीवाला: ह्यात मात्र मुद्दलरावांच्या बाजूनं. परवा पेटीवर मीच होतो. पोराचा गळा बसत आला होता, मी मान हलवत होतो, तरी मागनं एक खणखणीत आवाज आला. तिसऱ्यांदा.

दसराचौकी: तुम्हीच होय ते! मान हलवताय ती तालावर वाटली मला.