बफेलोसाठी सिंगल-स्टेज? विचार करा

अमेरिकेतल्या बफेलो शहरात नवीन घर, आणि सिंगल-स्टेज स्नोब्लोअर (बर्फ हटवायचं मशीन; यात एकच फिरतं पातं, म्हणजे ऑगर, बर्फ ओढतं आणि फेकतंही) पुरेल का, असा प्रश्न आहे. सहा-आठ इंच भुसभुशीत बर्फाला पुरेल हो. पण तिथे ईरी तलावावरून येणारा बर्फ एका रात्रीत दोन-तीन फूटही साचतो. त्यात खरी डोकेदुखी ड्राइव्हवेच्या तोंडाशी: रस्त्यावरचा प्लाऊ (बर्फ लोटणारी गाडी) जाताना ओला, मीठ-मिश्रित ढिगारा तिथे लोटून जातो. तो घट्ट बसला की हलकं मशीन नुसतं वर चढतं. टू-स्टेजच घ्या (यात ऑगर बर्फ ओढतं आणि वेगळा पंखा तो फेकतो), आणि शिअर पिना, म्हणजे ऑगर अडकलं की स्वतः तुटून मशीन वाचवणाऱ्या पिना, जास्तीच्या आणून ठेवा. ड्राइव्हवे खडीचा असेल तर प्रश्नच मिटला, सिंगल-स्टेज नकोच. सिंगल-स्टेजचं ऑगर जमिनीला घासतं, खडी थेट शेजाऱ्याच्या काचेवर! चूट (बर्फ बाहेर फेकणारी नळी) तुंबली तर इंजिन बंद करून काठीनेच मोकळी करा, हात घालू नका.