जळगाव एमआयडीसीतल्या जुन्या कंपनीचं रेफरन्स लेटर, कॅनडा पीआरसाठी (कायम वास्तव्य). शेठ ऐकत नाहीत, काय करू?

पाइपवाला_जळगाव
राम राम मंडळी. वय 28, बीई मेकॅनिकल. एक्स्प्रेस एन्ट्रीतून (गुणांवर उमेदवार निवडायची कॅनडाची ऑनलाइन पद्धत) पीआरची तयारी चालली आहे. आधी चार वर्षं जळगाव एमआयडीसीत पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात होतो, आता अडीच वर्षं पुण्यात. पुण्याची एचआर पाहिजे तसं लेटर देते म्हणाली. अडलंय ते जळगावचं. नोकरी सोडताना जे मिळालं ते असं आहे: "सदर इसम आमचेकडे प्लांट सुपरवायझर या पदावर कामास होते. त्यांची वर्तणूक चांगली होती. पुढील वाटचालीस शुभेच्छा." खाली शिक्का आणि एक सही. कोणाची, ते वाचता येत नाही. तारखा नाहीत, पगार नाही.

शेठना फोन केला तर "दिलं ना एकदा, आता काय सातबारा देऊ का?" म्हणाले. पगार अर्धा बँकेत आणि अर्धा हातात मिळायचा, ती वेगळीच भानगड. अनुभवी लोकांनी मार्ग सांगावा.

तापीकाठ_टोरांटो
भाऊ, वर्तणूक चांगली होती हे कॅनडाच्या इमिग्रेशन ऑफिसरच्या काहीही कामाचं नाही. त्याला लेटरहेडवर हे सगळं दिसायला हवं: तुझं नाव, कंपनीचा पत्ता, फोन, ईमेल, कोणकोणत्या पदांवर कधीपासून कधीपर्यंत होतास, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार आणि इतर लाभ. सही साहेबाची किंवा एचआरची, सहीखाली त्यांचं नाव आणि हुद्दा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तू तिथे नेमकं काय काम करायचास ते. बरीच लेटरं इथेच मार खातात.

शेठ हे लिहिणार नाहीत, त्यांच्याकडून ती अपेक्षाही धरू नकोस. मसुदा तू इंग्रजीत करून ने. पण एनओसीच्या (कॅनडाची नोकऱ्यांची सरकारी वर्गवारी, प्रत्येक कामाला एक कोड) साइटवरची कामांची यादी उचलून चिकटवू नकोस. ऑफिसर दिवसभर तेच वाचतो, त्याला लगेच कळतं. तुझ्या मशीनवरचं लिही. एक्स्ट्रूडरचं तापमान आणि डाय सेटिंग तूच करायचास ना? पाइपच्या भिंतीची जाडी मोजणं, आयएस 4985 या पीव्हीसी पाइपच्या मानकाप्रमाणे प्रेशर टेस्ट, ब्रेकडाउनची कारणं शोधणं, मेंटेनन्सचं वेळापत्रक बसवणं, हाताखाली किती ऑपरेटर होते. असं असलं की बनावट वाटत नाही.

कोड निवडताना सुपरवायझर, इंजिनिअर या नावांवर जाऊ नको, काम बघ. 21301 म्हणजे मेकॅनिकल इंजिनिअर, 22301 म्हणजे त्यातले टेक्नॉलॉजिस्ट आणि टेक्निशियन. दुसरा अंक टीअर, म्हणजे कामाला किती शिक्षण-अनुभव लागतो ती पातळी, सांगतो. टीअर 0 ते 3 सगळे फेडरल स्किल्ड वर्करला (एक्स्प्रेस एन्ट्रीतली तुझ्यासारख्यांची योजना) चालतात, आणि परदेशातल्या अनुभवाला टीअर 1 म्हणून जास्त गुण मिळत नाहीत. म्हणून उगाच वरचा कोड लावून लेटरशी भांडण ओढवून घेऊ नको.

धुळ्याची_ताई
मी धुळ्यात सीएच्या ऑफिसात आहे, असे शेठ रोज बघते. दादा, शेठला तुमच्या कॅनडाचं काही नाही. त्यांना धास्ती असते की हा कागद उद्या लेबर कोर्टात नाहीतर पीएफ ऑफिसात निघेल. म्हणून फोनवर मागूच नका. समोर जा, आणि शेठच्या आधी अकाउंटंटला भेटा. खरी चावी त्याच्याकडे असते. शिकलेला मुलगा धंद्यात आला असेल तर त्याला गाठा, त्याला ईमेल-लेटरहेडचं पटकन कळतं.

वेळही बघा. आखाजीच्या (अक्षय तृतीया) सुमारास पाइपचा सीझन, गाड्या भरायच्या गडबडीत कोणी सही करत नाही. पोळा झाल्यावर जा.

रोखीचा पगार ते कागदावर लिहिणारच नाहीत. बँकेत आला तेवढाच लिहून घ्या, म्हणजे फॉर्म 16 शी जुळेल. पगाराच्या आकड्याला गुण नसतात. उद्या तिकडून कोणी विचारलं तर मात्र खरं ते सांगा.

आणि हो, लेटरहेडवरचा लँडलाइन चालू आहे का ते बघा! अर्ध्या एमआयडीसीचे बंद पडलेत. पडताळणीचा फोन किंवा मेल येऊ शकतो हे शेठना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते "असा कोणी नव्हता" म्हणून मोकळे होतील.

भुसावळ_लोको
एवढी पायपीट कशाला? एजंट लेटर करून देतात, शिक्क्यासकट.

तापीकाठ_टोरांटो
दादा, असं सांगू नका. पकडलं गेलं की खोटी माहिती दिली म्हणून 5 वर्षं कॅनडाचं दार बंद. एजंट तोवर दुसरं गिऱ्हाईक बघतो.

पाइपवाला, आता तुझा हिशोब. सीआरएसमध्ये (एक्स्प्रेस एन्ट्रीत उमेदवारांचा क्रम लावायची गुणपद्धत) परदेशातल्या अनुभवाचे गुण 3 वर्षांवर थांबतात. एक-दोन वर्षांवर इंग्रजी सीएलबी 9 (भाषेची कॅनडाची पातळी) असेल तर 25, 3 वर्षं झाली की 50. पुण्यात तुझी अडीच झालीत. म्हणजे जळगावचं लेटर नाहीच मिळालं तरी सहा महिने थांबलास की काम होतं, आणि वयाचे गुण 30 पासून कमी व्हायला लागतात, तोवर तू फार तर 29 चा असशील. फेडरल स्किल्डच्या पात्रतेला लागणाऱ्या 67 गुणांच्या हिशोबात मात्र वर्षं जास्त असली तर फायदा होतो, तो वेगळा मांडून बघ.

पुराव्याशिवाय जळगावच्या अनुभवाचे गुण मागू नको, पण ती नोकरी अर्जातल्या पर्सनल हिस्टरीत भरायचीच. तिथे चार वर्षांची पोकळी ठेवशील तर नवा घोळ.

लेथ_नंदुरबार
मध्येच विचारतो, माफ करा. माझं स्वतःचं लेथचं वर्कशॉप आहे. मला लेटर कोण देणार?

धुळ्याची_ताई
तुमची गिऱ्हाइकं. काय काम केलं आणि किती पैसे दिले हे त्यांच्या लेटरहेडवर, सोबत धंद्याची नोंदणी आणि उत्पन्नाचे कागद. स्वतःचं प्रतिज्ञापत्र करून नुसतं जोडलं तर ते धरत नाहीत.

पाइपवाला_जळगाव
ताई, दादा, लय उपकार. मसुदा करतो आणि पोळ्यानंतर अकाउंटंट काकांना गाठतो. शेवटचं एक: तरीही नाहीच म्हणाले तर?

तापीकाठ_टोरांटो
मग तेव्हाचे तुझे प्रॉडक्शन मॅनेजर गाठ. नोकरी सोडली असली तरी ते स्वतःच्या नावाने कामाचं वर्णन लिहून देऊ शकतात, सोबत ते तिथे होते याचा पुरावा जोड. त्याला जोडून युएएनचं (पीएफ खात्याचा नंबर) पीएफ पासबुक (कंपनीचं नाव आणि महिने त्यात येतात), फॉर्म 16, बँक स्टेटमेंट, ते जुनं तीन ओळींचं लेटर, आणि कंपनीला लेटर मागितल्याचा एक ईमेल. वर अर्ध्या पानात काय घडलं ते लिही. हमखास चालेलच असं नाही, ते ऑफिसरवर असतं. पण पीआरच्या अर्जाचं बोलावणं आल्यावर सगळं भरायला 60 दिवस मिळतात, म्हणून ही फाइल आत्ताच बांधून ठेव. शेठना ईमेल कर, व्हॉट्सॲप नको.