मदत हवी आहे: पायलट क्लस्टर ट्रायलला सॅम्पल साइझ किती धरू?

मृगनक्षत्र: सोमवारी एथिक्स कमिटीत प्रोटोकॉल द्यायचाय. मॅडम म्हणतात गणित दाखव. जी-पॉवरमध्ये (सॅम्पल साइझ काढायचं सॉफ्टवेअर) घातलं तर हजाराच्या वर आकडा येतोय. पायलट, म्हणजे मोठ्या ट्रायलआधीची छोटी चाचणी आहे हो, एवढी माणसं कुठून आणू? प्लीज लवकर सांगा.

पारावरचा: क्लस्टर, म्हणजे एकेकटी माणसं न घेता जो अख्खा गट घ्यायचा तो, गाव, शाळा की उपकेंद्र? किती आहेत? मोजणार काय?

डॉ_वऱ्हाडी: प्रत्येक गटात १२ घ्या. माझ्या थीसिसला चाललं होतं.

आकडेमोडी: वऱ्हाडी, तो १२ चा नियम सुट्या पेशंटसाठी. एका गावातल्यांचं पाणी एक, आशाताई एक, डॉक्टर एक. तिथे कसा लावणार?

डॉ_वऱ्हाडी: कमिटीने पास केला होता, एवढं पुरे.

मृगनक्षत्र: उपकेंद्रं, सहा. प्रत्येकी बीपीचे २० पेशंट. आशाताई घरी जाऊन बीपी मोजणार, गोळ्या चालू आहेत का बघणार. आयसीसी (एकाच उपकेंद्रातले पेशंट एकमेकांसारखे किती, तो आकडा) पायलटमधूनच काढीन म्हणते.

आकडेमोडी: नका काढू! सहा उपकेंद्रांवरून आयसीसीचा अंदाज इतका ढिला येतो की मोठ्या ट्रायलला कामाचा नाही. ती छापून आलेल्या तशाच अभ्यासांतून घ्या. पायलटमध्ये पॉवरही (खरा फरक पकडण्याची ताकद) नको. किती जण तयार होतात, शेवटपर्यंत किती टिकतात, आशाताईंना झेपतं का, हे बघायचं. समजा ८०% टिकतील, आयसीसी ०.०५. डिझाइन इफेक्ट, म्हणजे गटांमुळे माणसं किती पट जास्त लागतात, १ + (२० − १) × ०.०५ = १.९५. म्हणजे तुमचे १२० जण सुट्या ६२ जणांइतके. टिकणाऱ्यांच्या ८०% ला कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा जिथे असावा ती रेंज, साधारण ७० ते ९०%. एवढ्यावर भागत नसेल तर उपकेंद्रं वाढवा. १२ उपकेंद्रं × २० केलीत तर २४० चे १२३ धरता येतात. ६ × ४० केलीत तर तेच २४० जेमतेम ८१.

नर्मदाकाठ: सीटीआरआय (भारतातली ट्रायल नोंदवायची रजिस्ट्री) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करा, नंतर चालत नाही.

पारावरचा: गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याने ३९ गावांत काम केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. १९९९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलला छापून आलं. तेवढं तरी घ्या.

आकडेमोडी: तो पायलट नव्हता, आणि गावं रँडम वाटलेलीही नव्हती. इथे त्याचा आधार कसा घेणार? मृगनक्षत्र, तुलनेचा गट आहे का?

मृगनक्षत्र: हो, आहे ना. तीन-तीन. लिहायचं राहिलं.

आकडेमोडी: मग वरचा हिशेब दोन्ही बाजू मिळून झाला. एका बाजूला सुटे ३१ च, अंदाज आणखी ढिला. शिवाय एका उपकेंद्राची सिस्टर बदलून गेली तर त्या बाजूला दोनच उपकेंद्रं उरतात. निदान चार-चार करा.

मृगनक्षत्र: दोन जास्तीची मिळतात का, उद्या एमओ (मेडिकल ऑफिसर) सरांना विचारते.

पारावरचा: त्या उपकेंद्रांत बीपीचे २० पेशंट आहेत का, तेही विचारा.