एमएस्सी पर्यावरणशास्त्र नागपुरातच करावं की बाहेर जावं?

सीबीझेड_नागपूर

नमस्कार. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, केमिस्ट्री-बॉटनी-झूलॉजी. पुढे पर्यावरणातच करायचं ठरवलंय. बाबांचं म्हणणं, एमएस्सी केमिस्ट्री कर, औषध कंपनीत तरी कुणी उभं करेल. मैत्रीण बंगळुरूला सस्टेनेबिलिटीच्या कोर्सला निघाली आहे. तिथली फी सांगितल्यावर आई गप्पच बसली. आतापर्यंत या विषयाशी आलेला संबंध म्हणजे कॉलेजातला सक्तीचा ईव्हीएस, पर्यावरणाचा विषय. त्याचा प्रोजेक्ट अर्ध्या वर्गाने झेरॉक्सच्या दुकानातून बाइंडिंगसकट घेतला होता. इथेच केलं तर काही हाती लागेल का? या क्षेत्रातल्या कुणी सांगितलं तर बरं होईल.

खापरखेडावाला

काहून जातेस बाप्पा बंगळुरूले? वीजकेंद्राची राख पाहाची तर कोराडी-खापरखेडा हाय, कचरा पाहाचा तर भांडेवाडी हाय. अभ्यासाले अजून काय पायजे?

टायट्रेशन

बाबांचं अगदीच चूक नाही. टेस्टिंग लॅबवाले मार्कशीटवर आधी केमिस्ट्री शोधतात. पण तुमचं बीएस्सीला केमिस्ट्री आहेच, त्यामुळे दार बंद होत नाही.

बुटीबोरी_ईएचएस

मी नागपुरातूनच एमएस्सी केलं आणि आता बुटीबोरी एमआयडीसीत एका कारखान्याचं पर्यावरणाचं काम बघते. म्हणून जरा लांब लिहिते.

आधी एक डोक्यातून काढ. या कामात झाडं लावण्याचा दिवस वर्षातून एकदा येतो, 5 जूनला, तोही फोटोपुरता. बाकी सगळं आकडे आणि कागद. कन्सेंट, म्हणजे प्रदूषण मंडळाची परवानगी, संपायच्या आत नूतनीकरण, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण 30 जूनपर्यंत, फॉर्म 5 म्हणजे एन्व्हायर्नमेंट स्टेटमेंट 30 सप्टेंबरपर्यंत. सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तो आकडा, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या वर गेला की प्लँट मॅनेजर आधी तुलाच विचारणार, ‘सॅम्पल नीट घेतलं होतं ना?’ तेव्हा ठामपणे ‘हो’ म्हणता आलं पाहिजे. ते पुस्तकातून येत नाही.

हे शिकायला नाग नदीसारखी जागा नाही. 300 मिलीची बीओडी बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, मँगनस सल्फेट घालायचं, मग अल्कली आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो. शहराच्या खालच्या अंगाला घेतलेल्या आमच्या बाटलीत साका पांढराफटक आला. म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन जवळजवळ शून्य, पुढे थायोसल्फेटने टायट्रेट करायलाही काही उरलं नाही. हेच पाणी कन्हानमार्गे वैनगंगेत आणि तिथून गोसीखुर्दच्या जलाशयात जातं. तो पांढरा साका पाहिल्यावर ‘प्रदूषण : एक समस्या’ छाप निबंध पुन्हा लिहवत नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी विभागात जा आणि लॅब दाखवा म्हण. 27 अंशांचा इन्क्युबेटर चालू आहे का बघ. आपल्याकडे बीओडी तीन दिवस 27 अंशांवर करतात. परदेशी पुस्तकांतला पाच दिवस, 20 अंशांचा हिशेब इथे पाठ करून भागत नाही. आमच्या वेळी तो इन्क्युबेटर बंद होता आणि आत कुणीतरी डबे ठेवायचं. हवेचा सॅम्पलर गच्चीवर आहे की कपाटात, हेही विचार. उत्तर देताना सर अडखळले तर समजून घे.

आता नागपूरच का. नीरी, म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था, इथे आहे, 1958 पासून (नीरी हे नाव 1974 मधलं). मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था अमरावती रोडवर, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथे, कोळशाची वेकोलि आणि मँगनीजची मॉइल या सरकारी खाण कंपन्या इथे, राज्याचं रिमोट सेन्सिंग केंद्र इथे. बंगळुरूची पोरं इंटर्नशिपसाठी खोली शोधतात, तुला ऑटोने जाता येईल. मात्र ‘मॅडम, काही प्रोजेक्ट आहे का’ असा मेल कुणी उघडत नाही. भांडेवाडीत शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, त्यातलं मला अमुक मोजायचंय, असं लिहून पाठव.

सस्टेनेबिलिटीच्या नोकऱ्या खोट्या नाहीत. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीचा अहवाल, सक्तीचा केलाय, तिथे माणसं लागतात. पण तो अहवाल भरायला वीज, डिझेल, पाणी, कचरा यांचे आकडे लागतात आणि ते प्लँटवरून माझ्यासारखीच कुणीतरी पाठवते. माझ्या मते आधी आकडा कुठून येतो ते शीक, अहवाल नंतर लिहिता येतो. सोबत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शीक, फुकट आहे. गेट या प्रवेश परीक्षेत 2021 पासून पर्यावरणशास्त्र आणि अभियांत्रिकीचा वेगळा पेपर आहे, तोही देऊन बघ.

पगार सुरुवातीला कमीच, त्यात गोड बोलण्यासारखं काही नाही. औषध कंपनीतही फार वेगळं नसतं, हे बाबांना सांग.

सीबीझेड_नागपूर

ताई, खूप खूप आभार. ‘पगार कमीच’ सोडून बाकी सगळं बाबांना वाचून दाखवलं. 4 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस चालेल का?

बुटीबोरी_ईएचएस

चालेल, रखडत. एका वेळी एकच जिल्हा उघड आणि क्रोम बंद ठेव. आणि पगाराचंही वाचून दाखव, नाहीतर पहिली स्लिप आली की मलाच शिव्या बसतील.